मेलेला माणूस परत आला, तर घाबरायचं की टाळ्या वाजवायच्या?

अवकाळी (धागाकर्ता)

दिवाळीत भाचा चार दिवस राहायला होता. शाळेत नववीत आहे, पिक्चरच्या बाबतीत मात्र पीएचडी झालेली. थिएटरात 'थामा' उरकला, मग घरी पडदे ओढून त्याने मला मार्व्हलचा 'राहिलेला अभ्यास' करायला बसवलं. २०१९ला 'एंडगेम' पाहून मी डोळे पुसत बाहेर पडलो होतो, त्यानंतर आमची हजेरी अनियमित.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की पडद्यावर अख्खं शहर कोसळतंय आणि मी चकली मोडून आत तेल किती राहिलंय ते बघतोय. भाचाही मोबाईलवर होता. त्याच रात्री तो झोपल्यावर मी 'तुंबाड' लावला. कितव्यांदा ते विचारू नका. विनायक अंगाभोवती पिठाच्या बाहुल्या बांधायला लागला तसे मी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले. पुढे काय होणार हे तोंडपाठ असताना!

मग झोप उडालीच होती म्हणून विचार केला. माझं म्हणणं असं: सुपरहिरोंच्या पिक्चरमध्ये मरणाला काही किंमतच उरली नाही. लोकी 'इन्फिनिटी वॉर'मध्ये गेला, मालिकेत दुसऱ्या काळातला लोकी हजर. गमोरा गेली, तिचीही जुन्या काळातली आवृत्ती आणली. लोगनला २०१७मध्ये काय देखणं मरण दिलं होतं, तर 'डेडपूल अँड वूल्व्हरिन'मध्ये सुरुवातीलाच त्याचं थडगं उकरून त्याच्याच हाडांनी मारामारी. हसलो मी, खोटं कशाला सांगू. पण घरी येताना वाईट वाटलं. आणि ज्या टोनी स्टार्कसाठी आपण रडलो, तोच नट आता 'डूम्सडे' या पिक्चरमध्ये डॉक्टर डूम होऊन येणार म्हणे.

भयपटात मेलेला परत आला की अंगावर काटा येतो. इकडे मेलेला परत आला की एवढंच कळतं, नवा करार झाला.

तर प्रश्न असा, की पिक्चर बिघडलेत की माझं वय झालं? (४१)

---

खारा_दाणा

वय झालं. धागा बंद करा.

---

टकमक

साफ असहमत. २०१८ला 'इन्फिनिटी वॉर'च्या शेवटी ती चुटकी वाजली आणि माणसांची राख व्हायला लागली तेव्हा आमच्या थिएटरात कुणी पॉपकॉर्नसुद्धा चावत नव्हतं. दिवे लागल्यावरही लोक बसून. लहान पोरं रडत होती. कुठल्या भयपटाने असं केलंय सांगा.

आता तुम्ही म्हणाल, पुढच्या वर्षी सगळे परत आलेच ना. हो, आले. आणि त्या पोर्टलवाल्या सीनला मी शिट्टी मारली होती. पण त्यानंतर कोण मेलं की आमच्या ग्रूपमध्ये पहिला मेसेज 'येईल रे' असाच असतो.

अरेच्चा. प्रतिसाद लिहिता लिहिता मी तुमच्याच बाजूला आलो की काय.

---

ठाकुर्ली_स्लो

भयपटांना इतकं सोवळं नेसवू नका. 'कॉन्ज्युरिंग' २०१३ला आला तेव्हा खरंच भारी होता. त्यातून ॲनाबेल निघाली, मग नन निघाली, आणि मग दोघींची आणखी पोरंबाळं. २०२५च्या सप्टेंबरला 'लास्ट राइट्स' नावाने समारोप केला. तोही किती खरा ते बघू.

आणि मेलेला परत येण्याचंच म्हणाल तर आपला तात्या विंचू? १९९३ला मेला, २०१३ला थ्रीडीत परत आला. तेव्हा नाही का करार झाला?

---

अवकाळी

@ठाकुर्ली_स्लो, मुद्दा बिनतोड आहे. पण बघा ना, तात्या विंचू खलनायक आहे. खलनायक परत आला की धोका वाढतो. नायक परत आला की धोका कमी होतो. भुताने परत यावं, तो त्याचा धर्मच आहे. जो आपल्या बाजूचा आहे त्याने मेल्यावर मेलेलं राहावं, तरच तो काहीतरी देऊन गेला असं वाटतं.

('ओम फट् स्वाहा'ची मात्र आजही भीती वाटते. लहानपणी बहिणीची बाहुली मी माळ्यावर नेऊन ठेवली होती, अजून तिथेच असेल.)

---

प्रा_पांचट

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तीनदा राजीनामा देऊन तीनदा परत आले. हा भयपट की सुपरहिरोपट?

---

खारा_दाणा

मेंटेनन्स वाढवला असेल तर भयपट.

---

निमूटपणे

मरणापेक्षा मला नियमांचा मुद्दा मोठा वाटतो.

'तुंबाड'मधल्या हस्तर नावाच्या राक्षसाचं सगळं गणित आपल्याला आधीच कळतं. त्याला सोनं मिळालं, धान्य नाही. म्हणून तो पिठाला भुलतो. पिठाचं रिंगण आखलं की तो आत येत नाही. तो बाहुली खाण्यात गुंतला की तेवढ्या वेळात लंगोटातून मोहरा काढायच्या. बस. एवढे नियम समजले की पुढे दिग्दर्शकाने नुसतं पीठ दाखवलं तरी आपली छाती धडधडते. २०२५चा 'सिनर्स' घ्या. १९३२ची मिसिसिपी, नाचगाण्याचा अड्डा, बाहेर रक्तपिपासू उभे. पण आतल्या कुणी 'या' म्हटल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. त्यामुळे दारात उभं राहून गोड बोलणारा माणूस हाच सगळ्यात भयंकर सीन होतो. तिथे ना रक्त ना सुरा.

आता सांगा, कॅप्टन मार्व्हलची ताकद नक्की किती? एका पिक्चरमध्ये ती एकटी अख्ख्या जहाजाच्या आरपार जाते, दुसऱ्यात तिला तिघींनी मिळून मारामारी करावी लागते. ज्या दिवशी लेखकाला हवी तेवढी ताकद. मग आपण कशाची काळजी करायची? जेव्हा वाटेल तेव्हा फासा बदलणाऱ्या माणसाशी सापशिडी खेळण्यासारखं आहे ते.

सुपरमॅनच्या जुन्या कथाकारांना हे कळत होतं. म्हणून तर क्रिप्टोनाइट आणलं.

---

टकमक

+१ निमूटपणे. 'मुंज्या' पिक्चरमधल्या मुंज्याचंही तेच. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत गेला, म्हणून पिंपळावर. त्याला लग्न हवंय, बस. हट्ट कळला की गोष्ट आपोआप पळते. आदित्य सरपोतदारने 'झोंबिवली'तही हेच केलं होतं, डोंबिवलीकरांना पाण्याचा प्रश्न आधी आणि झोंबी नंतर.

---

ठाकुर्ली_स्लो

आमच्याकडे आधी लोकल, मग पाणी, मग झोंबी. क्रम चुकवू नका.

---

आजीबाईचा_बटवा

नमस्कार मंडळी. मी ६८ वर्षांची आहे, तेव्हा वयाचा प्रश्न माझ्याकडे सोडा, अवकाळी, तुम्ही अजून लहान आहात.

आमच्या वेळी गावातल्या वाचनालयात नारायण धारपांच्या पुस्तकांना नंबर लावावा लागे. ग्रंथपालबाई मुलींना देताना 'घरी विचारलंस का?' म्हणत. 'तुंबाड'च्या गोष्टीचं बीज धारपांच्या कथेतलं आणि नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं, हे तुम्हा बहुतेकांना माहीत असेलच. धारपांनी स्टीफन किंगवरून बरंच उचललं हेही उघड गुपित. पण भाषा अशी की ते भूत सदाशिव पेठेत भाड्याने राहतंय असं वाटे.

मला सांगायचंय ते वेगळंच. धारपांचा एक नायक होता, समर्थ. जिथे अमानवी काही घडेल तिथे त्यांना बोलावणं जायचं. शांत माणूस, अभ्यास आणि साधना हीच ताकद. आता तुमच्या भाषेत तो सुपरहिरोच म्हणायचा की नाही? आणि गोष्ट तर भयकथेची. म्हणजे तुम्ही दोन वेगळे डबे करून भांडताय, आमच्याकडे ते एकाच डब्यात होते.

रत्नाकर मतकरींचं मात्र निराळं. त्यांच्या गूढकथांत वाचवायला कुणी येतच नाही. म्हणून त्या वाचल्यावर मी स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर सुरू ठेवायची. आमच्या ह्यांना वाटे, मी विसरते.

---

अवकाळी

आजी, समर्थ पार डोक्यातून गेले होते! धाग्याचं सार्थक झालं.

---

प्रा_पांचट

बटवा आजी, वीजबिलाचं गूढ काकांना अखेर आज उलगडलं असेल.

---

रात्रपाळी

नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. मी मुंबईत व्हीएफएक्समध्ये अकरा वर्षं आहे. इथे ज्यांना शिव्या पडतायत त्यातल्या काही पिक्चरांच्या शेवटच्या पाट्यांत बारीक अक्षरात माझं नाव आहे. तुम्ही तेव्हा गाडी काढायला पार्किंगमध्ये गेलेले असता.

अवकाळी, शहर कोसळताना तुम्ही चकली बघत होतात यात तुमची चूक नाही. आमच्याकडे काम कसं येतं ते सांगतो. मी सुरुवातीला रोटोला होतो. म्हणजे पडद्यावरच्या माणसाची कड हाताने कोरून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं काढायचं. एका सेकंदाला २४ फ्रेम. दहा सेकंदांचा शॉट म्हणजे २४० वेळा एकाच माणसाचे केस कोरायचे. हे होतं, त्यात तक्रार नाही. पण महिना-दीड महिना कोरल्यावर तिकडून निरोप येतो, की आता तो माणूस आकाशात नको, बोगद्यात हवा. किंवा तो माणूसच नको. शेवटची मारामारी कुठे होणार, कुणाशी होणार हे प्रदर्शनाच्या तोंडावरही हलत असतं. कारण सगळं हिरव्या पडद्यासमोर शूट केलंय, बदलता येतं. बदलता येतं म्हणून बदलतात. त्यात शेवटी वेळ उरत नाही, मग रात्र करा, पाऊस पाडा, धूळ उडवा, म्हणजे कडा झाकल्या जातात. तुम्हाला वाटतं दिग्दर्शकाला गंभीर वातावरण हवंय. अहो, आम्ही खरकटं झाकतोय ते.

भयपटवाल्याकडे पैसे नसतात, त्यामुळे त्याला आधीच ठरवावं लागतं. दार किती उघडायचं, सावली कुठून येणार, सगळं सेटवर. 'गेट आउट' सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये झाला आणि पंचवीस कोटींच्या वर कमावले. 'द मार्व्हल्स'चं बजेट वीस कोटी डॉलरच्या वर, आणि तिकीटबारीवर जमले तेही साधारण तेवढेच. भूत न दाखवायला काही खर्च येत नाही हो.

बाकी मुंज्या अख्खा संगणकावर केलेला आहे आणि चांगला केलाय, तेव्हा तंत्राला शिव्या देऊ नका. काय करायचं हे आधी माहीत असलं की आम्ही करतो.

---

निमूटपणे

@रात्रपाळी, हा प्रतिसाद वाचून यापुढे पाट्या संपेपर्यंत थांबणार.

---

खारा_दाणा

पाट्यांसाठी थांबणार की पाट्यांनंतरच्या सीनसाठी, ते कळलं आम्हाला.

---

तिखट_नको

मी भयपट बघते, पण डोळे मिटून नाही, कानात बोटं घालून. खरंच करून बघा, अर्धी भीती जाते. हे असं का?

---

रात्रपाळी

ध्वनी माझं खातं नाही, पण शेजारच्या टेबलावर बसणारे सांगतात, दचकवायच्या आधी आवाज काढून घ्यायचा. पंख्याची घरघर, रातकिडे, रस्त्यावरची गाडी, जे जे मागे चालू असतं ते हळूच बंद करतात. कळतही नाही, पण कान टवकारतात. आणि मग ढाण्णकन. तुम्ही बोटं घातलीत की तो सापळाच लागत नाही.

---

ठाकुर्ली_स्लो

'अ क्वाएट प्लेस'ला मी कुरकुरीत काहीतरी घेऊन बसलो होतो. मध्यंतरापर्यंत एकही दाणा तोंडात टाकायची हिंमत झाली नाही. मागच्या रांगेतल्या काकांनी पिशवी चुरगाळली तेव्हा वीस लोकांनी वळून पाहिलं, जणू आता राक्षस येऊन काकांना नेणार.

---

प्रा_पांचट

आपल्याकडे भयपट बघण्याचे फायदे:
भूत मागे उभं, नायकाने सिगरेट पेटवली, खाली पाटी: धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे. अहो, त्याच्याकडे तेवढं आयुष्य कुठंय!

मग नेमकं दार उघडताना मध्यंतर. सामोसे खाऊन परत या, भूत तिथेच थांबलंय, जागा धरून.

---

टकमक

आणि सुपरहिरोंचा फायदा म्हणजे सेन्सॉर. २०२५च्या 'सुपरमॅन'मध्ये ३३ सेकंदांचं चुंबन कापलं. इमारती पडल्या, माणसं चिरडली, ते चालतं. तो क्रिप्टॉनहून आला तरी हिला घरी सोडायला उशीर नको.

---

तिखट_नको

हसून हसून पुरेवाट :D

---

टकमक

मुद्द्याचं बोलतो जरा. बटवा आजी म्हणाल्या ते हॉलिवूडलाही लागू आहे. सॅम रेमीने १९८१ला 'ईव्हिल डेड' केला आणि २००२ला 'स्पायडर-मॅन'. दुसऱ्या भागात डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक हात इस्पितळात जागे होतात, तो सीन वेगळा काढून दाखवला तर कुणी म्हणणार नाही की हा सुपरहिरोंचा पिक्चर आहे. जेम्स वान 'सॉ' आणि 'कॉन्ज्युरिंग'वाला, त्याच्या 'ॲक्वामॅन'मध्ये नावेतून हातात लाल मशाल घेऊन दोघं पाण्यात उडी मारतात आणि खाली हजारो जलराक्षस, तेवढंच मला आठवतं. डेरिकसन, सँडबर्ग, जेम्स गन, सगळे भुताखेतांतून वर आलेले. भीती कशी पिकवायची हे ज्याला येतं त्याला नायकाचं धैर्यही दाखवता येतं, असं माझं मत.

---

निमूटपणे

आणि मुशिएटी? 'इट' इतका छान केला, मग 'द फ्लॅश' केला. ते कुठे बसवायचं तुमच्या मतात?

---

टकमक

ते सतरंजीखाली सारत होतो. कशाला काढलंत.

---

जर्सीची_गाय

न्यू जर्सीहून. (आयडीवरून विनोद करायचे असतील तर आधीच सांगते, सगळे ऐकून झालेत.)

वाचनमात्र असते, पण अवकाळींच्या पहिल्या पोस्टवर राहवेना. माझा मुलगा साडेसहा वर्षांचा. त्याला हे सगळे हिरो मालिकांसकट पाठ. मार्चमध्ये माझे बाबा नाशिकला वारले. मला तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं. परत आल्यावर मुलाला सांगितलं, आजोबा आता नाहीत. तो शांत होता. दोन दिवसांनी म्हणाला, 'मग दुसऱ्या युनिव्हर्समधले आजोबा बोलवायचे का? ते आपल्याला ओळखणार नाहीत पहिल्यांदा, पण नंतर होईल मैत्री.'

त्याच्या डोळ्यांत दुःख नव्हतंच. सोय होती.

मी त्याला काय सांगावं कळेना. मग एवढंच म्हटलं, की आपले आजोबा एकच होते. तेव्हा तो रडला. मीही.

त्यानंतर का कोण जाणे, मला ते सगळं बघवत नाही. 'गार्डियन्स'चा तिसरा भाग अपवाद. त्यात गमोरा परत आलेली असते, पण ती पीटरला ओळखत नाही, आणि शेवटपर्यंत त्याची होत नाही. माझ्या मुलाने तेच ओळखलं होतं, फक्त 'नंतर होईल मैत्री' एवढं त्याने स्वतःचं घातलं.

---

आजीबाईचा_बटवा

बाळ, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. मुलाला आजोबांच्या गोष्टी सांगत राहा, खोड्यांच्या सुद्धा.

---

अवकाळी

काय लिहू. तुमच्या मुलाने माझ्या अख्ख्या पोस्टपेक्षा नेमकं सांगितलं.

---

खारा_दाणा

आज गंमत नाही. काळजी घ्या.

---

मालवणी_मसालो

गाववाल्यांनो, दोन दिस झाले वाचतंय. तुमका वेतोबा म्हायत नाय?

बाकीच्यांसाठी प्रमाण मराठीत लिहितो. वेंगुर्ले तालुक्यात आरवली म्हणून आमचं गाव, जयवंत दळवींचं. तिथला देव वेतोबा. म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. पण आमच्याकडे तो राखणदार. रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, अशी श्रद्धा. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नवस फेडायला त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. आणि केळ्यांचे घड. देवळात जाऊन बघा, वहाणांची रांग असते.

आता सांगा. रात्री एकटा फिरतो, गाव राखतो, दिसत नाही, भुतं त्याच्या हुकमात. बॅटमॅन काय वेगळं करतो? फक्त बॅटमॅनकडे गाडी आहे आणि आमचो पायी चलता.

---

प्रा_पांचट

आणि बॅटमॅनला केळी कुणी देत नाही.

---

आजीबाईचा_बटवा

मसालो, यावरून आठवलं. इंद्रजाल कॉमिक्समध्ये फँटमला मराठीत वेताळच म्हणत! जंगलात राहणारा, मरत नाही अशी आख्यायिका असलेला. माझा भाऊ ती कॉमिक्स उशीखाली ठेवायचा. भाषांतर करणाऱ्याला सुपरहिरोसाठी शब्द हवा होता, आणि त्याने सरळ भुताचा उचलला. कुणाला खटकलंही नाही.

---

अवकाळी

आणि गंमत म्हणजे तो वेताळ मरतो! बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, लोकांना वाटतं एकच माणूस शेकडो वर्षं जगतोय. म्हणजे अमरपणाही मिळाला आणि मरणाची किंमतही राहिली. हे त्या काळात सुचलेलं आहे.

---

तिखट_नको

मग 'लोका' कुणीच कसा काढला नाही अजून? मल्याळममधला, २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेला. कल्याणी प्रियदर्शन. केरळात कळ्ळियंकाट्टू नीली नावाच्या यक्षीची लोककथा आहे, वाटसरूंना भुलवून रक्त पिणारी. कडमट्टत्तु कत्तनार हा पाद्री तिला खिळा ठोकून जेरबंद करतो, अशी कथा. पिक्चरमध्ये तीच नीली आज बंगळुरूत भाड्याच्या खोलीत राहतेय आणि लोकांना वाचवतेय. म्हणजे हडळच सुपरहिरो!

मी कानात बोटं न घालता अख्खा पाहिला.

---

टकमक

तीनशे कोटींच्या वर गेला तो जगभरात. आणि तिची ताकद कुठून आली, त्यासाठी तिने काय गमावलं, हे लहानपणीच्या भागात दाखवतात ना, तिथेच पिक्चर जिंकला. मल्याळममध्ये हे आधीपासून आहे. 'मिन्नल मुरली'मधला शिबू आठवा. वीज दोघांवर पडते, एक शिंपी आणि एक गावाने वेडा ठरवलेला. खलनायक शिबू आहे, पण त्याचं दुःख बघून मी नायकावर रागावलो होतो.

---

ठाकुर्ली_स्लो

मराठीत सुपरहिरो करून पाहिला होता की, २०१५ला 'बाजी'. श्रेयस तळपदे, घोडा, मुखवटा, कोकण. मी गेलो होतो. प्रयत्न मनापासूनचा होता, पण लोक आलेच नाहीत. भूत म्हटलं की आपला प्रेक्षक येतो, घोड्यावरचा मुखवटेवाला म्हटलं की 'तिकडचं आहे' म्हणतो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार नि काळापहाड हातोहात खपत, त्याच मातीत.

---

मालवणी_मसालो

कारण मुखवटो लावलो. वहाणा घालूक होयो होत्यो.

---

रात्रपाळी

वेतोबावर पिक्चर काढलाच तर मी फुकट रोटो करून देईन. एकच अट, शेवटची मारामारी दिवसा.

---

निमूटपणे

दिवसा वेतोबा झोपतो.

---

रात्रपाळी

मग मेलो.

---

प्रा_पांचट

काळजी नको, दुसऱ्या भागात परत याल.

---

जर्सीची_गाय

धन्यवाद सगळ्यांना. वेतोबाची गोष्ट काल रात्री मुलाला सांगितली. त्याचे तीन प्रश्न आहेत, मसालोंनी उत्तरं द्यावीत:
१. वहाणांचा नंबर किती?
२. पावसात काय घालतो?
३. त्याला आजोबा दिसतात का?

---

मालवणी_मसालो

१. म्हायत नाय, पण तुझ्या बाबाचे दोनय पाय एका वहाणेत मावतीत.
२. पावसातय त्योच. भिजतत, म्हणान तर झिजतत.
३. वेतोबाक सगळे दिसतत, बाळा. तुझ्या आजोबाक ओळखता तो.

---

अवकाळी

भाच्याला अख्खा धागा पाठवला होता. त्याचं उत्तर आत्ता आलं: 'मामा, ठीक आहे, पण डूम्सडेचं पहिल्या दिवसाचं तिकीट तूच काढायचंस.'

हो म्हटलंय. एवढं सगळं लिहून झाल्यावर. पण त्याने 'तुंबाड' बघायचं कबूल केलंय, दिवे बंद करून, मध्ये न थांबवता.

---

खारा_दाणा

४१ ना? रात्री उशिराचा शो घेऊ नका, दुसऱ्या दिवशी त्रास होतो.